जुन्या गाडीचा मास्टर सिलिंडर : किट की नवा नग?

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

व्हरायटी चौकातल्या सिग्नलला गाडी उभी असताना ब्रेकवर ठेवलेला पाय हळूहळू खाली जातो, ही तक्रार घेऊन पद्मिनी, ॲम्बेसेडर किंवा मारुती ८०० आमच्याकडे येते, तेव्हा पुष्कळदा ब्रेक ऑइलची पातळी जागच्या जागी असते आणि चाकांपाशीही कोठे ओल दिसत नाही. अशा वेळी तेल बाहेर गळत नसून मास्टर सिलिंडरच्या (पेडलच्या दाबाने तेल चाकांकडे ढकलणाऱ्या नळकांड्याच्या) आतच, झिजलेल्या रबरी सीलवरून मागे परतत असते. पेडल जोरात दाबले की सीलची कड फाकून भिंतीला घट्ट बसते व ब्रेक नीट लागतो. हलक्या, स्थिर दाबाखाली मात्र तेल निसटते. त्यामुळे हा दोष मालकाच्या लक्षात उशिरा येतो. पातळी वारंवार कमी होत असेल आणि गळती सापडत नसेल, तर बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) असलेल्या गाडीत तेल मागच्या सीलमधून बूस्टरमध्ये जात असण्याची शक्यता आम्ही आधी तपासतो.

किट (नव्या रबरी सीलचा संच) टाकून भागेल की नवा सिलिंडरच घ्यावा लागेल, हे सिलिंडर उघडून बोअर (आतली पोकळी) पाहिल्याशिवाय सांगता येत नाही, आणि फोनवर आम्ही ते सांगतही नाही. बिडाच्या सिलिंडरमधला वरवरचा गंज हलक्या होनिंगने (आतून घासून गुळगुळीत केल्याने) निघतो व नवे सील त्यात चांगले चालतात. परंतु नखाला लागेल असा खड्डा किंवा ओरखडा असल्यास किट टाकणे म्हणजे तेच काम थोड्याच दिवसांत पुन्हा काढणे होय. ॲल्युमिनियमच्या सिलिंडरला होनिंग करू नये, कारण त्याच्या बोअरवरचा कठीण थर त्यात निघून जातो. किट स्वस्त पडते हे खरे, पण ब्रेकच्या कामात आम्ही बोअरच्या अवस्थेवरूनच निर्णय घेतो.

बोअर गंजण्याचे मूळ बहुधा जुन्या तेलात असते. नेहमीचे ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. डॉट ३ प्रतीच्या नव्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, ओलावा शोषलेल्या तेलाचा १४० अंशांपर्यंत उतरू शकतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. नवतपात चिखलदऱ्याचा घाट सतत ब्रेक दाबत उतरताना असे तेल चाकांपाशी उकळले, तर वाफ दबते आणि पेडल पोकळ लागते. पावसाळाभर अंगणात उभ्या राहिलेल्या गाडीत गंजाचा त्रास अधिक आढळतो. ब्रेक ऑइलच्या टाकीत चुकूनही इंजिन ऑइल पडले असेल, तर कृपया आम्हाला आधीच सांगावे. त्याने रबर फुगते आणि मग होज पाइप व चाकांकडील सीलसुद्धा बदलावे लागतात.

एक गोष्ट मुद्दाम नमूद करतो. चाकांचे काम झाल्यावर तेलात शिरलेली हवा (एअर) काढताना पेडल तळापर्यंत पंप केले, तर जुन्या सिलिंडरचे सील बोअरच्या एरवी न वापरल्या जाणाऱ्या, गंजलेल्या भागावरून फिरतात व फाटतात. ‘लायनर बदलून आणले आणि ब्रेकच गेला’ या तक्रारीमागे अनेकदा हेच असते. म्हणून जुन्या गाडीत आम्ही पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवून त्याची चाल मर्यादित करतो, आणि नवा सिलिंडर गाडीवर चढवण्यापूर्वी बाकावरच त्यातील हवा काढून घेतो.

जोडणीनंतर पुश रॉड (पिस्टनला ढकलणारा दांडा) आणि पिस्टन यांच्यात थोडी फट राखणे आवश्यक असते. ती न राहिल्यास तेल टाकीकडे परतण्याचे छिद्र झाकले जाते, गाडी तापत जाईल तसे ब्रेक आपोआप धरू लागतात व चाके गरम होतात. गाडी थंड असताना ही चूक कळत नाही; त्यामुळे गाडी चांगली तापेपर्यंत चालवून, चारही चाकांचे तापमान पाहूनच आम्ही ती ताब्यात देतो. काढलेले जुने सुटे भाग गाडीसोबत परत दिले जातील. पहिल्या आठवड्यात तेलाची पातळी रोज सकाळी पाहावी, आणि ती घटल्यास अथवा पेडल पुन्हा खचू लागल्यास गाडी न चालवता आम्हाला कळवावे. आमचा कारागीर येऊन जागेवर तपासणी करील.