ओल तुटल्यावर शाळू काय करतो?

सोलापूर-मंगळवेढ्याकडे शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात. परतीचा पाऊस झाला तर झाला, एरवी काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवरच पीक काढायचं. रोप उगवतं तेव्हा पाणी मुबलक आणि कणसात दाणा भरायच्या वेळी जमिनीला भेगा, असा हा उलटा मामला. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली ‘मालदांडी ३५-१’ कित्येक दशकं याच हिशेबावर तगून आहे.

मुळांना आणि पानांना ताण जाणवला की झाडात अ‍ॅब्सिसिक आम्ल हे संप्रेरक वाढतं. पानावरच्या प्रत्येक पर्णरंध्राला दोन रक्षक पेशी असतात. या आम्लाच्या इशाऱ्यावर त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर पडतं, मागोमाग पाणी जातं, पेशी सैलावतात आणि रंध्र मिटतं. पाणी वाचलं, पण त्याच वाटेने आत येणारा कार्बन डायऑक्साइडही अडला. ज्वारी ऊस-मक्यासारखी ‘सी-४’ गटातली असल्यामुळे इथे जरा निभावून नेते. शिरांभोवतीच्या पेशींत ती हा वायू दाटीने गोळा करते, त्यामुळे रंध्रं अर्धवट मिटली तरी अन्न तयार करणं लगेच थांबत नाही. पण सी-४ तर मकाही आहे, आणि तो अशा रानात लवकर माघार घेतो. म्हणजे गोष्ट एवढ्यावर संपत नाही.

रंध्रं मिटल्यावर पेशी आपला रस दाट करू लागतात. साखरी, प्रोलीन, ग्लायसिन बीटेन असे विरघळणारे पदार्थ साठले की पाणी पेशीतून सहजासहजी निसटत नाही आणि मुळांनाही कोरड्या होत चाललेल्या मातीतून आणखी थोडं ओढता येतं. क्षार साठवूनही रस दाट झाला असता, पण त्यांनी विकरं, म्हणजे पेशीतल्या रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं, बिघडतात. प्रोलीन बरंच साठलं तरी विकरांना धक्का लागत नाही. सुकलेल्या रायगवतात ते वाढल्याची नोंद पहिल्यांदा १९५४ साली झाली. पाणी मिळालं की झाड हेच प्रोलीन मोडून त्यातली ऊर्जा आणि नायट्रोजन परत वापरतं.

यातलं काहीच फुकट नसतं. पानांतून पुरेशी साखर येईनाशी झाली की कणीस ताटात साठलेली साखर ओढून घेतं. ताट आतून खिळखिळं होतं, मातीतली मॅक्रोफोमिना बुरशी शिरते आणि उभं पीक लोळतं. हाच तो खडखड्या रोग. झाड जगलं म्हणजे दाणा भरला असं होत नाही. माझ्या मते पैदासकाराचा खरा कस तिथेच लागतो. इथियोपियाच्या गावरान ज्वारीतून आलेल्या ‘बी-३५’ या वाणाची पानं दाणा भरेपर्यंत हिरवी राहतात. त्यामागची युक्ती तशी साधी आहे. सुरुवातीलाच फुटवे कमी, पानांचा पसारा लहान, म्हणून फुलोऱ्यानंतरही जमिनीत थोडी ओल शिल्लक राहते.

ताणाची एक बाजू पशुपालकांना फार आधीपासून ठाऊक आहे. ज्वारी टायरोसिन या अमिनो आम्लापासून धुरिन नावाचं, पोटात सायनाइड दडवलेलं संयुग बनवते. धुरिन आणि त्याला फोडणारं विकर झाडात वेगवेगळं ठेवलेलं असतं. जनावराने पान चावलं की दोन्ही एकत्र येतात आणि हायड्रोजन सायनाइड सुटतो. पेशींना रक्तातला प्राणवायू वापरताच येत नाही. जनावर धापा टाकतं, थरथरतं, कोसळतं. यालाच किराळ लागणं म्हणतात. धुरिन कोवळ्या पोंग्यांत सर्वांत जास्त असतं आणि पाणी तुटून वाढ खुंटली की आणखी वाढतं. म्हणून गुडघ्याएवढ्या, सुकलेल्या ज्वारीत किंवा कापणीनंतर फुटलेल्या खोडव्यात गुरं सोडू नयेत. किराळ लागल्याची शंका आली तर घरगुती उपायांत वेळ न घालवता पशुवैद्याला बोलवावं. सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट ही औषधं वेळेत शिरेतून दिली तर जनावर वाचू शकतं. पक्व ताटांच्या, नीट वाळलेल्या कडब्यात हा धोका फारच कमी असतो.

२०१२ साली डेन्मार्क आणि ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी धुरिन बनवूच न शकणारी ज्वारी मिळवली. तिची रोपं सुरुवातीला जरा हळू वाढतात. धुरिनमधला नायट्रोजन झाड अडचणीच्या वेळी परत वापरत असावं, असं काही संशोधक मानतात. तसं असेल, तर चाऱ्याच्या वाणातून हे विष पुरतं काढून टाकण्याआधी ते वाण कोरड्या वर्षी शेतात लावून पाहावं लागेल.