पुन्हा चिखल होणारी भिंत

मातीची भिंत बांधायची तर आधी माती पारखा. बाटलीत तिसऱ्या हिश्श्यापर्यंत माती घ्या, वर पाणी भरा, खळखळून हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटाभरात तळ गाठते. तिच्यावर पोयटा, म्हणजे वाळूहून बारीक गाळ, बसायला काही तास जातात. त्यानंतरही पाणी गढूळ राहतं ते चिकणमातीमुळे. तिला कधी कधी रात्रही पुरत नाही. ही माती शेताच्या वरच्या थरातली मात्र नको. तिच्यातला पालापाचोळा भिंतीत कुजत राहतो. शिवाय तो थर पिकाच्या हक्काचा.

भिंत धरून ठेवते ती चिकणमातीच. तिचे कण ०.००२ मिलिमीटरहून बारीक आणि चपटे. चिखल सुकताना कणांमध्ये पाण्याचा पातळ पापुद्रा उरतो, तोच त्यांना एकमेकांकडे ओढून धरतो. नुसती चिकणमाती आकसून तडकते, म्हणून वाळू आणि पेंढा घालायचा. भट्टी कुठेच लागत नाही. सिमेंटचा कच्चा माल सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावा लागतो. इंधनाचा धूर वेगळा आणि चुनखडीतून सुटणारा कार्बन डायऑक्साइड वेगळा. मातीची भिंत पाडा, भिजवा, तुडवा, त्याच मातीची नवी बांधा.

अर्थात, भिजवल्यावर जिचा चिखल होतो तिचा पावसातही होणारच. पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशातल्या जेने शहराने यावर काढलेला तोडगा मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. तिथली मोठी मशीद कच्च्या विटांची, आजची इमारत १९०७ची. दरवर्षी पावसाळ्याआधी सगळं गाव तिला लिंपायला लोटतं. भिंतींतून ताडाच्या लाकडांचे जुडगे बाहेर आलेले दिसतात. लांबून नक्षी वाटते, पण लिंपणारे त्यांच्यावरच चढतात. परांची इमारतीतच बांधून ठेवलेली!

शेजारच्याच बुर्किना फासो देशातल्या गांदो गावात वास्तुकार डिएबेडो फ्रान्सिस केरे यांनी वेगळी वाट धरली. २००१ साली गावकऱ्यांच्या हातांनी उभ्या राहिलेल्या शाळेच्या विटांत त्यांनी थोडं सिमेंट मिसळलं आणि वर पत्र्याचं छत उचलून धरलं. ते भिंतींच्या बरंच पुढे येतं, पाऊस अंगावर घेतं आणि खालून वारा खेळू देतं. विटेतलं सिमेंट मला थोडं खटकतं, छत मात्र मनापासून आवडतं.

खरा घात होतो तो कच्च्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा थापल्यावर. कुठल्यातरी फटीतून शिरलेली ओल बाहेर पडत नाही. वरून भिंत टणक दिसते, पण बोटाने ठोकली की बद्द वाजते.