व्हॅक्सीन डेपोत लस कशी व्हायची?

डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधला कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन लागलं की टिळकवाडीतल्या व्हॅक्सीन डेपोचं नाव पेपरात येतं. मराठी भाषिकांच्या महामेळाव्याला परवानगी मिळणार का, बंदोबस्त किती, वगैरे. परवा एका कॉलेजच्या पोरानं विचारलं, "काका, तिथं कोविडची लस करत होते काय?" नाही बाबा, देवीची, म्हणजे स्मॉलपॉक्सची.

देवी झालेल्या दहांतले तिघे जायचे. घरात कडुनिंबाचा पाला लावायचा, औषध बंद, देवी कोपलीय म्हणून हात जोडायचे. रोग्याला वेगळं ठेवत, तेवढंच कामाचं. उपाय शोधणारेही होते. चीनमध्ये खपल्यांची पूड नाकात फुंकत. बंगालात टीकादार फोडातला पू कातडीत टोचत. आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या ओनेसिमसनं हीच रीत बोस्टनमध्ये आपल्या मालकाला सांगितली, १७२१च्या साथीत ती वापरलीही गेली. पण पू खऱ्या देवीचाच. टोचलेला बहुधा वाचायचा, शेजाऱ्याला मात्र लागण व्हायची. "आमच्या पूर्वजांकडे लस होतीच" असे मेसेज ढकलणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

इंग्लंडच्या डॉक्टर जेन्नरनं १७९६ साली गाईच्या देवीचा, माणसाला सौम्यच जाणाऱ्या रोगाचा, द्रव टोचला आणि हा धोका टळला. पण हा द्रव टिकवायचा कसा? एका पोराच्या दंडावर फोड आला की आठवड्याभरानं त्यातला द्रव दुसऱ्याच्या दंडात. असं दंडोदंडी बगदाद, बसरा करत ती लस मुंबईला पोचली आणि १४ जून १८०२ला तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉलला टोचली गेली. साखळी तुटली की लस संपली. शिवाय एकाची गरमी (सिफिलिस हा गुप्तरोग) दुसऱ्याला.

त्यावर तोडगा निघाला वासराचा, व्हॅक्सीन डेपोसारख्या ठिकाणी हेच काम चाले. आपल्याकडे रेडकंही वापरत. पोटावरचे केस भादरून, कातडी धुऊन बारीक ओरखडे काढायचे, त्यांत लस चोळायची. पाचेक दिवसांत ओरखड्यांवर फोड दाटले की ते खरवडून घ्यायचे. या लगद्यात विषाणू भरपूर, पण कातडीवरचे जिवाणूही. म्हणून तो ग्लिसरीनमध्ये घोटून काही आठवडे थंडीत ठेवायचा. ग्लिसरीन पाणी ओढून घेतं. जिवाणू म्हणजे जिवंत पेशी. आतलं पाणी गेलं की तिचा कारभार ठप्प. विषाणूला स्वतःचा चयापचयच नाही, प्रथिनांच्या वेष्टनात गुंडाळलेला डीएनए तो, त्यामुळे जिवाणू मरतात तरी तो तग धरतो.

पण आपल्या उन्हाळ्यात हीही लस काही दिवसांत निकामी व्हायची. १९५०च्या दशकात लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये कॉलियर या शास्त्रज्ञानं ती गोठवून सुकवायची पक्की पद्धत बसवली. ती भुकटी ३७ अंशांतही महिनाभर टिके, बर्फाविना खेड्यात नेता येई. भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण सापडला मे १९७५मध्ये.