नळी कोणी धुतली?

पावसाळा लागला की कोकणातल्या दवाखान्यांत एक प्रश्न हमखास येतो: "तुमच्याकडे सापावरची लस आहे का?" मुळात ती लस नव्हे, प्रतिविष. लस शरीराला आधीच तयार करते; प्रतिविष म्हणजे घोड्याच्या रक्तातून मिळवलेली तयार प्रतिपिंडे. पण कपाटात कुप्या भरलेल्या असल्या तरी उपचार चुकू शकतो. कुपी द्यायची की नाही हे ज्यावरून ठरते, ती सगळी माहिती डॉक्टरकडे नसतेच.

सुरुवात भाषेपासून होते. सापाचे नाव घेऊ नये म्हणून आपल्याकडे "पान लागलं" किंवा "जनावर चावलं" म्हणायची रीत आहे. घाटावरून नुकत्याच आलेल्या डॉक्टरला ते उमगेलच असे नाही. आशाताईंना उमगते. म्हणून रुग्णासोबत आलेल्या आशाताईंना दाराशी थांबवू नये. दंशाची वेळ आणि जागा त्यांच्याकडूनच विचारून घ्यावी.

आता खरी गोष्ट. कातळावरचे फुरसे किंवा घोणस चावले असेल, तर वीस मिनिटांची चाचणी करतात. नव्या, कोरड्या काचेच्या नळीत शिरेतले २ मिलि ताजे रक्त घ्यायचे, २० मिनिटे नळीला हात लावायचा नाही, मग एकदाच तिरकी करायची. रक्त पातळच राहिले, तर विष भिनले आहे असे समजतात.

ही चाचणी काचेमुळे चालते. काचेच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो. रक्त गोठवणाऱ्या, क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या घटकांपैकी बारावा त्याला चिकटला की सक्रिय होतो. तो अकराव्याला जागा करतो, अकरावा नवव्याला, आणि साखळी थ्रॉम्बिनपर्यंत पोचते. थ्रॉम्बिन फायब्रिनोजेन या रक्तातल्या प्रथिनाचे धागे करते आणि रक्ताची गुठळी होते. घोणशीचे विष या साखळीत मधेच घुसून दहावा घटक पेटवते, फुरशाचे तर थेट प्रोथ्रॉम्बिन, म्हणजे थ्रॉम्बिनचे आधीचे रूप. शरीरातले फायब्रिनोजेन असे खर्चून जाते आणि नळीत गुठळी करायला काही उरत नाही. बाराव्या घटकाला हागेमन घटक म्हणतात, तो ज्या रुग्णात प्रथम उणा आढळला त्याच्या नावावरून. १९५५ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्या माणसाचे रक्त काचेत गोठायला फार वेळ लागे, पण रक्तस्रावाचा त्रास त्याला कधीच नव्हता!

म्हणजे नळी साबणाच्या पाण्याने धुतलेली असेल, तर उरलेल्या थरामुळे बारावा घटक नीट जागा होत नाही. प्लॅस्टिकच्या नळीतही तेच. निरोगी माणसाचे रक्तही पातळ राहते आणि विष नसताना ८ ते १० कुप्या चढवल्या जातात. परक्या प्रथिनांची जीवघेणी प्रतिक्रिया येण्याचा धोका फुकट पत्करावा लागतो.

नळी धुतली का, हे कोणाला ठाऊक असते? मावशींना. त्यांना कोणी विचारत नाही, आणि न विचारता डॉक्टरांना सांगण्याची सोय आपल्या उतरंडीने ठेवलेली नाही. म्हणून चाचणीआधी डॉक्टरांनी मोठ्याने विचारावे, "मावशी, नळी नवी की धुतलेली?" "धुतलेली" असे उत्तर आले तर आभार मानावेत. रागावले, तर पुढच्या वेळी खरे उत्तर मिळणार नाही. शंका उरलीच, तर तशाच दुसऱ्या नळीत निरोगी माणसाचे रक्त घेऊन तुलना करावी.

तोंडी सूचना ऐकणाऱ्याकडून परत म्हणवून घ्यावी. प्रतिविषाची प्रतिक्रिया आल्यास द्यायच्या ॲड्रेनॅलिनचे "पॉइंट फाइव्ह" घाईत "फाइव्ह" ऐकू आले, तर मात्रा दहापट होते. डॉक्टरांनी "अर्धा मिलि, मांडीत" म्हणावे, सिस्टरने तेच परत म्हणावे, डॉक्टरांनी "बरोबर" म्हणावे, मगच सुई टोचावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या शस्त्रक्रिया तपासणी यादीत प्रत्येकाने नाव आणि काम सांगण्याची पायरी आहे, तीही याचसाठी: एकदा बोललेला माणूस पुढे धोका दिसला तर बोलायला कचरत नाही.

मंत्राने विष उतरत नाही. बिनविषारी सापाचा किंवा कोरडा, म्हणजे विष न सोडलेला, दंश आपोआप बरा होतो आणि श्रेय भगताला जाते. हे नातेवाइकांना जरूर सांगावे, पण उपचार मार्गी लागल्यावर. दारातच झापले, तर भगताकडे किती वेळ गेला आणि दोरी कधी आवळली, हे ते लपवतात. आवळलेली दोरी तर प्रतिविष हाताशी ठेवूनच सोडायची असते.

प्रतिविष दिल्यावर ६ तासांनी चाचणी पुन्हा करायची. तोवर पाळी बदललेली असते. म्हणून खाटेपाशी, सगळ्यांसमोर सांगावे: किती कुप्या गेल्या, पुढचे रक्त किती वाजता घ्यायचे. आणि नव्या नळ्यांचा डबा कुठे आहे, ते मावशींनी पुढच्या पाळीच्या मावशींना दाखवावे.