निळ्या शाईतला इलेक्ट्रॉन

गणेशोत्सव मंडळाच्या अहवालाचं मुखपृष्ठ छापून घ्यायला ऐन पावसात बेळगावातल्या शहापूरच्या एका छापखान्यात बसलो होतो. कागदाने ओल धरलेली, त्यामुळे चार रंगांचं रजिस्टर, म्हणजे एकावर एक नेमकं जुळणं, काही केल्या बसेना. छपाई करणारे अण्णा सायनच्या, म्हणजे छपाईतल्या निळ्याच्या, डब्यातली शाई पात्याने उचलत म्हणाले, ‘‘सर, ह्यात असतंय तरी काय?’’

त्यात असतं कॉपर थॅलोसायनिन. मधोमध तांब्याचा एक अणू, भोवती कार्बन-नायट्रोजनची कडी आणि काठावर 16 हायड्रोजन. छपाईची निळाई बहुतेक याचीच. आणि हाच रंग अर्धवाहकही आहे, म्हणजे त्याच्या पातळ थरापासून ट्रान्झिस्टर, विजेची उघडझाप करणारा बारीक भाग, करता येतो. प्लास्टिक आणि रंग वीज वाहत नाहीत, हे आपण शाळेत शिकलो. पण 1977 साली शिराकावा, मॅकडिआर्मिड आणि हीगर यांनी पॉलिअ‍ॅसिटिलीन या प्लास्टिकमधून वीज वाहवून दाखवली आणि 2000 साली तिघांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. अशा पदार्थांना सेंद्रिय अर्धवाहक म्हणतात. इथे सेंद्रिय म्हणजे कार्बनी. गुळाच्या पाकिटावरच्या ‘सेंद्रिय’शी त्याचा काही संबंध नाही.

अडचण अशी, की हे पदार्थ बहुधा ‘होल’ वाहतात. होल म्हणजे इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर उरलेली जागा. ती जागा पुढे सरकत जाते. इलेक्ट्रॉन वाहणारे पदार्थ मात्र फार दिवस हाताला लागेनात. आणि दोन्ही लागतात. मोबाइलच्या चिपमध्ये दोन जातींच्या ट्रान्झिस्टरांची, एक होलवाला आणि एक इलेक्ट्रॉनवाला अशी, जोडी असते, एक चालू तेव्हा दुसरा बंद. त्यामुळे उघडझाप होते तेवढ्यापुरतीच वीज खर्च होते. एकाच जातीवर भागवलं, तर वीज वाया जात राहते.

मग इलेक्ट्रॉन का वाहत नव्हता? हवेत प्राणवायू आणि पाण्याची वाफ असते. रेणूवर चढवलेला जादा इलेक्ट्रॉन ऊर्जेच्या उंच पातळीवर बसला असेल, तर ती दोघं त्याला ओढून घेतात. उपाय म्हणजे पातळी खाली आणायची. साधारण 4 इलेक्ट्रॉन-व्होल्ट (हे ऊर्जेचं एकक) किंवा त्याहून खोल गेली, की इलेक्ट्रॉन हवेतही टिकू लागतो. 1998 साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये निळ्या थॅलोसायनिनचे सोळाच्या सोळा हायड्रोजन काढून तिथे फ्लोरिन बसवलेला पदार्थ वापरला. फ्लोरिनइतका इलेक्ट्रॉनचा हावरा अणू दुसरा नाही. होल वाहणारा रंग इलेक्ट्रॉन वाहू लागला, तोही उघड्या हवेत! (‘निगेटिव्ह आयन’ची कडी विकणारे म्हणतात, ती अंगात इलेक्ट्रॉन सोडतात आणि सांधेदुखी जाते. हवेत सुटलेल्या इलेक्ट्रॉनला प्राणवायू क्षणात गिळतो. त्या कड्यावर पैसे घालवू नका.)

मला सगळ्यात आवडतो तो पुढचा शोध. ट्रान्झिस्टर म्हणजे पाटाचं दार समजा. गेट या त्याच्या नियंत्रण करणाऱ्या टोकावर व्होल्टेज दिलं, की वीज वाहायला लागते. पण ती सगळ्या थरातून वाहत नाही. थर ज्या रोधकावर, म्हणजे वीज न वाहणाऱ्या पदार्थावर, पसरलेला असतो त्याला अगदी चिकटून, दोन-चार रेणूंच्या जाडीतून ती सरकते. हा रोधक बहुधा सिलिकॉन डायऑक्साइड, म्हणजे काचेचाच भाऊबंद. त्याच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल गट असतात, ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या. इलेक्ट्रॉन निघाला की त्या त्याला तिथेच अडकवतात. होलांना मात्र त्यांचा तेवढा जाच नाही. केंब्रिजच्या रिचर्ड फ्रेंड यांच्या गटाने 2005 साली तिथे हायड्रॉक्सिल नसलेला पॉलिमर, म्हणजे लांब साखळ्यांच्या रेणूंचा प्लास्टिकसारखा पदार्थ, अंथरला, आणि ज्यांना सगळे ‘फक्त होलवाले’ समजत होते, ते पदार्थ इलेक्ट्रॉन वाहू लागले! इतकी वर्षं दोष पदार्थाला लावला गेला. खोट होती खालच्या फरशीत.

2009 साली नॅप्थलीन डायइमाइड या कार्बनी रेणूवर आधारलेल्या, इलेक्ट्रॉन वाहणाऱ्या पॉलिमरची चलनशीलता, म्हणजे इलेक्ट्रॉन किती सहज सरकतो त्याचं माप, 0.45 ते 0.85 चौरस सेंटीमीटर प्रति व्होल्ट-सेकंद भरली. स्फटिक सिलिकॉनमध्ये ती 1,400 च्या आसपास असते, तेव्हा सिलिकॉन आता मोडीत निघणार या बातम्यांवर विश्वास ठेवू नका. पण टीव्हीच्या पडद्यांमागच्या अस्फटिक सिलिकॉनची साधारण 1, आणि त्याच्या जवळ हा पॉलिमर पोचला. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने एका रात्रीवर असलेल्या बंगळुरूतही, भारतीय विज्ञान संस्थेत, सेंद्रिय अर्धवाहकांवर काम चालतं.

शिवाय तो पॉलिमर द्रावणात विरघळतो. त्याचे ट्रान्झिस्टर चक्क छापले होते, ग्रॅव्हुअर, फ्लेक्सो आणि इंकजेट या छपाईच्याच पद्धतींनी. हे ऐकल्यावर अण्णांचा हात थांबला.

‘‘छापतात? मग थरावर थर आला की रजिस्टर कसं बसवतात?’’

प्रश्न नेमका होता. गेट खालच्या दोन इलेक्ट्रोडांमधल्या फटीवर बरोबर यावं लागतं, आणि ती फट काही मायक्रॉनांची, म्हणजे मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागांची असते. लवचीक प्लास्टिक उष्णतेने आणि ओलीने ताणतं, आकसतं, आणि वरचा थर सरकतो. मी हे सांगेपर्यंत अण्णांनी फुगलेल्या कागदाची चळत उचलून दिव्याखाली ठेवली होती.