‘बायकांचा फुटबॉल लहान असतो’: किती खरं?

बडोद्यातल्या मराठी घरांत मुलीसाठी बॉल घेताना हमखास कोणीतरी म्हणतं, ‘बायकांचा बॉल लहान, मॅचही 80 मिनिटांची.’ बॉलचं साफ चूक. मोठ्या स्त्रियाही पाच नंबरच्या, म्हणजे पूर्ण आकाराच्या बॉलनेच खेळतात: घेर 68 ते 70 सेंटीमीटर, वजन 410 ते 450 ग्रॅम. चार नंबर साधारण बारा वर्षांपर्यंतच्या मुलामुलींचा. 80 मिनिटांना मात्र आधार आहे; 1991चा पहिला महिला विश्वचषक तसाच झाला, 1995च्या खेपेला 90 मिनिटं झाली.

चौदाव्या वर्षीही चार नंबरवरच सराव चालू ठेवला, की स्पर्धेत पास आखूड पडतात; जड बॉलला किती जोर लावायचा हे पायाला माहीतच नसतं. नंबर बॉलवरच छापलेला असतो, बघून घ्या. आणि हवा ठासून भरू नका, 8.5 ते 15.6 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ही नियमातली मर्यादा.