‘ब्लॉकेज किती टक्के?’ हा प्रश्न अपुरा पडतो

ठाण्यात नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंत हृदयरोगतज्ज्ञांच्या पाट्या दिसतात आणि बहुतेक नावांपुढे ‘एमडी, डीएम’ असतं. म्हणजे इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं एमबीबीएस, मग तीन वर्षं मेडिसिन आणि त्यावर तीन वर्षं फक्त हृदय. या शेवटच्या वर्षांत रात्री-अपरात्री कॅथलॅबमध्ये (धमनीत नळी घालून उपचार करण्याच्या खोलीत) उभं राहून तुंबलेली धमनी उघडण्याचं कसब हातात बसतं. असा डॉक्टर मीठ आणि पोटाच्या घेराबद्दल बोलू लागला, की पेशंटला फसल्यासारखं वाटतं. त्याला एकच आकडा हवा असतो: ब्लॉकेज किती टक्के?

गोम इथेच आहे. एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, धमनीच्या अस्तराखाली शिरतं, पांढऱ्या पेशी ते गिळतात आणि तिथे चरबीचा थर साचत जातो. त्यावर तंतूंचं आवरण चढतं. हे अनेकदा विशी-तिशीतच सुरू होतं, कसलंही दुखणं न देता. धमनी सत्तर टक्क्यांच्या आसपास अरुंद झाली की जिना चढताना छाती भरून येते आणि स्ट्रेस टेस्टमध्ये (ट्रेडमिलवर चालवून काढलेल्या ईसीजीत, म्हणजे टीएमटीत) दोष दिसू शकतो. पण हार्ट अटॅक बहुतेकदा येतो तो हे आवरण फाटून, तिथे रक्ताची गुठळी धरल्यामुळे; आणि फाटणारा थर पुष्कळदा निम्मी धमनीही अडवत नसतो. ‘टीएमटी नॉर्मल’ याचा अर्थ आज रक्त पुरेसं पोचतंय, एवढाच. त्या कागदावर पुढची पाच वर्षं निर्धास्त काढणारे लोक मला जास्त काळजीचे वाटतात.

अटॅक चालू असताना अँजिओप्लास्टी जीव वाचवते, यात वाद नाही. मात्र स्थिर दुखणं असलेल्या, म्हणजे श्रम केल्यावरच छाती भरून येणाऱ्या रुग्णांवर झालेल्या ‘करेज’ चाचणीत (2007) चांगल्या औषधोपचाराला स्टेंटची (धमनी उघडी ठेवणाऱ्या जाळीदार नळीची) जोड दिल्याने मृत्यू किंवा अटॅक कमी झाले नाहीत. स्टेंट एका जागेची सोय करतो. आजार मात्र सगळ्या धमन्यांत पसरलेला असतो.

मग धोका ओळखायचा कसा? 52 देशांतल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासाने (2004) पहिल्या अटॅकचा सुमारे नव्वद टक्के धोका नऊ गोष्टींशी जोडला. तंबाखू आणि बिघडलेलं कोलेस्टेरॉल सर्वांत वर. त्यांच्यासोबत बीपी, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण वगैरे. त्याच अभ्यासात दक्षिण आशियाई लोकांना पहिला अटॅक सरासरी 53व्या वर्षी आला, इतरांना जवळपास 59व्या. म्हणून तपासणीसाठी चाळिशीची वाट पाहण्यात अर्थ नाही. घेर पुरुषांत 90 आणि बायकांत 80 सेंटिमीटरच्या आत हवा, दिवसाचं मीठ पाच ग्रॅमच्या खाली. (तलावपाळीला फेऱ्या मारून नंतर मिसळीवर ताव मारणाऱ्यांनी फरसाणातलं मीठही यातच धरावं.)

वडील किंवा भाऊ पंचावन्नच्या आत, आई किंवा बहीण पासष्टच्या आत हृदयविकाराने आजारी पडली असेल, तर डॉक्टरांना ते आधी सांगा आणि लायपोप्रोटीन-ए (रक्तातला एलडीएलसारखाच कोलेस्टेरॉल वाहणारा कण) तपासायचं का, हे विचारा. त्याची पातळी मुख्यतः आनुवंशिक असते, त्यामुळे बहुतेकांना ही रक्ततपासणी आयुष्यात एकदाच पुरते. पातळी जास्त निघाली, तर भावंडांनी आणि मुलांनीही तपासून घ्यावं.